५९ की ६०? १८८४ चा रॅडबर्न आणि एका विजयाचा न सुटलेला हिशेब

विदा_भगत

बेसबॉलच्या धाग्याला इथे फारसं गिऱ्हाईक नसतं, ठाऊक आहे. तरी काढतोय. 'एका मोसमात सर्वाधिक विजय मिळवणारे पिचर' (पिचर म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा, आपल्याकडचा गोलंदाज) ही यादी दोन ठिकाणी बघितली, तर पहिल्याच ओळीत दोन वेगळे आकडे. एकीकडे ५९, दुसरीकडे ६०. माणूस तोच, साल तेच : चार्ल्स रॅडबर्न ऊर्फ ओल्ड हॉस, संघ प्रॉव्हिडन्स ग्रेज, १८८४. सगळे सामने तेव्हाच्या पेपरांत छापून आलेले, धावफलक जपून ठेवलेले, आणि तरी एका विजयावर एकमत नाही.

क्रिकेटवाल्यांसाठी आधी थोडं. बेसबॉलमध्ये सामना संघच जिंकतो, पण वहीत तो विजय एका पिचरच्या नावावर चढतो आणि पराभव समोरच्या एका पिचरच्या नावावर. कुंबळेने दिल्लीत दहाच्या दहा घेतले तरी 'कुंबळेचा विजय क्रमांक अमुक' असं आपण लिहीत नाही. तिकडे लिहितात, आणि गेली शंभरेक वर्षं पिचरची किंमत बऱ्याच अंशी त्यावरूनच ठरत आली.

आता त्या वर्षाबद्दल. १८८४ ला अमेरिकेत एक नाही, तीन मोठ्या लीग चालू होत्या. जुनी नॅशनल लीग, तिच्याशी स्पर्धा करणारी अमेरिकन असोसिएशन, आणि सेंट लुईसच्या हेन्री लुकास नावाच्या धनिकाने उभी केलेली युनियन असोसिएशन. ही तिसरी एकच मोसम टिकली. रॅडबर्ननंतर नंबर लागतो लुईव्हिलच्या गाय हेकरचा, ५२ विजय, अमेरिकन असोसिएशनमध्ये. लुईव्हिलने वर्षभरात सामने जिंकले ६८, त्यातले ५२ एकट्याचे! बॉस्टनचा चार्ली बफिंटन ४८. बफलोचा पड गॅल्विन ४६, यानेच ऑगस्टमध्ये डेट्रॉइटला एकही हिट (बॅटरचा यशस्वी फटका) न देता संघाला १८-० असं जिंकून दिलं. युनियन असोसिएशनमध्ये बाल्टिमोरचा बिल स्वीनी ४०. आणि दुसरा स्वीनी, चार्ली, याचे दोन लीगमध्ये मिळून ४१. हा दुसरा स्वीनी लक्षात ठेवा, आपल्या गोष्टीतला खलनायक म्हणा हवं तर.

एकाच वर्षात चाळिशी गाठलेले सहा जण. १९०० नंतर आजवर हे दोघांनाच जमलंय : जॅक चेस्ब्रो (१९०४, ४१) आणि एड वॉल्श (१९०८, ४०).

रॅडबर्नचे बाकीचे आकडे एका दमात सांगतो : ७३ सामने सुरू केले आणि ७३ च्या ७३ स्वतः संपवले. ६७८ इनिंग (एका संघाचे तीन जण बाद होईपर्यंतची एक पाळी, सामन्यात प्रत्येकाच्या नऊ) आणि वर दोन बाद. ४४१ स्ट्राइकआउट (बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करणं). पराभव फक्त १२. दर नऊ इनिंगमागे खऱ्या अर्थाने दिलेल्या धावा १.३८.

पुढची गोष्ट प्रतिसादांत लिहितो, एकदम टाकलं की कोणी वाचत नाही.

---

आडवी_बॅट

६७८ इनिंग?? त्या काळी खांदे भाड्याने मिळायचे का हो?

---

कडीपत्ता

वाचतेय. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण खलनायक आहे म्हटल्यावर बसले.

---

विदा_भगत

@कडीपत्ता, घ्या मग.

मोसम सुरू झाला तेव्हा प्रॉव्हिडन्सकडे मुख्य पिचर दोन. रॅडबर्न एकोणतिशीचा, आदल्या वर्षी ४८ सामने जिंकून दिलेला, तिरसट. चार्ली स्वीनी एकविशीचा, वेगवान, देखणा, गावाचा लाडका. ७ जूनला स्वीनीने बॉस्टनचे १९ जण स्ट्राइकआउट केले. नऊ इनिंगच्या सामन्यात हा आकडा ओलांडायला १९८६ उजाडावं लागलं (रॉजर क्लेमन्स, २०). म्हातारा रॅडबर्न इकडे धुमसायला लागला. एवढी वर्षं ओझं आपण वाहिलं आणि हार त्या पोराच्या गळ्यात, असा सगळा मामला. जुलैच्या मध्यावर बॉस्टनविरुद्धच्या एका सामन्यात त्याने मुद्दाम ढिसाळ टाकलं असा आरोप झाला आणि संघाने त्याला बिनपगारी घरी बसवलं.

आठवडा गेला नाही तोच, २२ जुलैला, फिलाडेल्फियाशी सामना. प्रॉव्हिडन्स पुढे होतं. स्वीनी प्यायलेला. मॅनेजर फ्रँक बँक्रॉफ्टने सांगितलं, तू आता राइट फील्डला (मैदानाच्या उजव्या बाजूला, फिल्डिंगला) जा, तिथल्या मिलरला टाकू दे. इथे एक नियम लक्षात घ्या : तेव्हा बाहेरून बदली खेळाडू आणता येत नसे, दुखापत झाली तरच. म्हणून दुसरा पिचर आधीपासूनच मैदानात, बहुतेक वेळा राइट फील्डला, उभा केलेला असायचा आणि दोघांनी जागा बदलायच्या. स्वीनीने जागा बदलायला साफ नकार दिला, मॅनेजरला चार शिव्या घातल्या, कपडे बदलले आणि मैदानातून चालता झाला. उरलेला सामना प्रॉव्हिडन्स आठ जणांत खेळलं आणि हरलं.

स्वीनीला काढून टाकलं. तो थेट युनियन असोसिएशनमध्ये सेंट लुईसला जाऊन बसला. बहुधा आधीच बोलणी झाली असावीत, निदान मला तरी तसं वाटतं. म्हणजे एक पिचर निलंबित, दुसरा पळालेला. संघच बरखास्त करावा अशी चर्चा मालकांच्यात सुरू झाली. बँक्रॉफ्ट रॅडबर्नकडे गेला. रॅडबर्नने अट घातली : जादा पैसे द्या आणि मोसम संपल्यावर मला करारातून मोकळं करा. तसं केलंत तर उरलेले सामने मी टाकतो.

आणि टाकले की! विजेतेपद पक्कं होईपर्यंतच्या पुढच्या ४३ सामन्यांपैकी ४० त्याने सुरू केले आणि त्यातले ३६ जिंकले.

---

आडवी_बॅट

च्यायला. हा माणूस आहे की बैलजोडी.

---

सांजवारा

मस्त चाललंय. पण तो करार? मोकळं केलं का शेवटी? आपल्याकडच्या अनुभवावरून विचारतोय.

---

विदा_भगत

@सांजवारा, मोकळं केलं. आणि साहेब परत प्रॉव्हिडन्सकडेच राहिले, जास्त पैसे घेऊन. पुढच्याच वर्षी, १८८५ नंतर, संघ बंद पडला तो भाग वेगळा. १८८६ पासून तो बॉस्टनला.

---

नेवार्ककर

लेखन छान, पण जरा हवा कमी करतो. माफी असावी.

१. तेव्हाचा पिचर आजच्यासारखा साडेसाठ फुटांवरून टाकत नव्हता. ते अंतर १८९३ ला आलं. १८८४ ला पिचरसाठी जमिनीवर आखलेली चौकट असायची, सहा फूट लांब, चार फूट रुंद, आणि तिची पुढची रेघ बॅटरपासून ५० फुटांवर. उंचवटा नाही, सपाट जमीन. चौकटीच्या आत दोन पावलं धावून टाकायला मुभा.

२. बॅटर आधी सांगायचा, मला वरचा चेंडू हवा की खालचा. त्या पट्ट्यात टाकणं पिचरवर बंधनकारक. ही सोय १८८७ ला गेली. आज चार बॉलवर (पट्ट्याबाहेर पडलेल्या चेंडूंवर) मिळणारी फुकटची पहिली बेस (धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा) तेव्हा नॅशनल लीगमध्ये सहा बॉलवर मिळायची.

३. नॅशनल लीगने खांद्यावरून हात फिरवून टाकायला परवानगी दिली तीच मुळी १८८४ ला. क्रिकेटने हे १८६४ मध्ये केलं, म्हणजे वीस वर्षं आधी. बॅटरांना या माऱ्याची सवयच नव्हती. स्ट्राइकआउटचे आकडे त्या वर्षी एकाएकी फुगले ते त्यामुळे. अमेरिकन असोसिएशनने मात्र ही मुभा दिली नव्हती, म्हणजे हेकर बिचारा हात खाली ठेवून ५२ जिंकला.

४. तीन लीग, ढिगाने संघ. खेळाडू कुठून आणणार? युनियन असोसिएशनमध्ये विल्मिंग्टनचा संघ १८ सामने खेळला, २ जिंकला आणि गाशा गुंडाळला. अल्टूना नावाच्या डोंगरातल्या रेल्वेच्या गावाचा संघ २५ मध्ये ६ जिंकून बंद. तिकडे लुकाससाहेबांचा स्वतःचा संघ ९४ जिंकला, १९ हरला. दह्यातली साय सगळी आपल्या वाटीत. तर बिल स्वीनीच्या ४० ला किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

हे सगळं वजा केल्यावर रॅडबर्न किती उरतो?

---

विदा_भगत

@नेवार्ककर, मुद्दे चारही मान्य. पण पाचवा तुम्ही सोयीस्कर गाळलात. हातमोजे! पिचरच्या हातात काही नाही, बहुतेक फिल्डरांच्या हातात काही नाही. कॅचरकडे (आपला यष्टिरक्षक म्हणा) बोटं कापलेला पातळ चामडी मोजा, बस्स. प्रॉव्हिडन्सचा कॅचर बार्नी गिलिगन असल्या मोज्यावर रॅडबर्नला झेलत होता, दिवसाआड, कधी रोज. झेल सुटायचे, फेकी चुकायच्या, आणि तो वाढीव मारा पुन्हा पिचरलाच टाकावा लागायचा. चुका झाल्या की त्या धावा पिचरच्या सरासरीत धरत नाहीत, पण हात तर त्याचाच दुखतो ना.

शिवाय खांद्यावरून टाकायची मुभा असली तरी रॅडबर्न स्वतः बराचसा खालूनच टाकायचा. वेग हे त्याचं भांडवल नव्हतं. वेग बदलायचा, वळवायचा, बॅटरला त्याच्या नावडत्या जागी खेळायला लावायचा. म्हणून टिकला.

---

खडूस_काका

आमच्या बापू नाडकर्णींनी १९६४ ला मद्रासला इंग्लंडविरुद्ध २१ षटकं लागोपाठ निर्धाव टाकली होती. ३२-२७-५-०. कोणाला विचारलं नाही की समोर कोण होतं आणि पिच कसं होतं. मोठेपणा द्यायचा तर मोकळ्या हाताने द्या.

---

नेवार्ककर

काका, विचारलं होतं. त्या इंग्लंड संघात निम्मे जण पोट धरून बसले होते म्हणतात. हलके घ्या. :)

---

पंचांचा_निर्णय

मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. ५९ की ६०?

वाद एकाच सामन्याचा आहे. २८ जुलै १८८४, फिलाडेल्फियात. स्वीनी पळाल्याला सहा दिवस झालेत. रॅडबर्नला एक दिवस विश्रांती म्हणून 'सायक्लोन' मिलर सुरुवात करतो. रॅडबर्न राइट फील्डला, वर भगतांनी सांगितलेल्या पद्धतीप्रमाणे. विश्रांती म्हणजे टाकायचं नाही एवढंच, उभं राहायचंच. मिलर पाच इनिंग टाकतो. सहाव्या इनिंगमध्ये आधी प्रॉव्हिडन्सची बॅटिंग, ते चार धावा काढून ७-४ असे पुढे जातात. मग जागांची अदलाबदल होते. रॅडबर्न पुढच्या चार इनिंग टाकतो, समोरच्यांना एकही धाव नाही. शेवटी ११-४.

विजय कोणाचा?

त्या दिवशीच्या स्कोअररने तो रॅडबर्नच्या नावावर टाकला. तेव्हा याबाबत लिखित नियमच नव्हता. ज्याने सामना आवळला त्याचा विजय, अशी साधारण समजूत. नियम लेखी आला १९५० ला : सुरुवात करणाऱ्याने किमान पाच इनिंग टाकल्या असतील आणि तो बाहेर पडताना संघ पुढे असेल व शेवटपर्यंत पुढेच राहिला, तर विजय त्याचा. मिलरने पाच टाकल्या. बरोब्बर पाच. तो बाजूला झाला तेव्हा संघ पुढे होता. आजच्या नियमाने विजय मिलरचा, निःसंशय.

त्यामुळे जे १८८४ च्या स्कोअररचा शब्द मानतात ते ६० लिहितात आणि जे आजचा नियम मागे लावतात ते ५९.

माझं मत : ५९.

---

आडवी_बॅट

म्हणजे म्हातारा चार इनिंग शून्य धावा देतो आणि चार धावा खाल्लेल्या मिलरला पेढे? हा कुठला न्याय?

---

पंचांचा_निर्णय

न्याय नव्हे, नियम. आणि रॅडबर्न रिकाम्या हाताने जात नाही. आजच्या नियमाने त्याला 'सेव्ह' मिळतो. शेवटच्या तीन किंवा अधिक इनिंग नीट टाकून आघाडी राखली की सेव्ह. त्याने चार टाकल्या. म्हणजे ५९ विजय आणि वर एक सेव्ह.

---

विदा_भगत

@पंचांचा_निर्णय, इथेच माझी हरकत आहे. सेव्ह हा रकानाच मुळी १९६९ ला अधिकृत झाला. पाच इनिंगचा नियम १९५० चा. ६६ आणि ८५ वर्षांनंतरच्या चष्म्यातून १८८४ चा सामना तपासायचा असेल तर मग सगळंच तपासा. सहा बॉल, वरचा-खालचा चेंडू, ५० फूट, तेही आजच्या नियमात बसवून दाखवा. ते जमणार नाही, म्हणून एवढा एकच नियम उचलायचा?

---

पंचांचा_निर्णय

त्यात फरक आहे. खेळ कसा खेळला गेला हे बदलता येत नाही. हिशेब कसा मांडायचा हे येतं. १८८४ च्या खेळाडूची धावांची सरासरी आपण आजच्या सूत्राने काढतोच की. वर तुम्हीच १.३८ लिहिलंय. तो आकडा १८८४ ला रॅडबर्नने स्वतः कधी ऐकला असेल का? तो चालतो, मग हा का नको?

---

अर्धा_चहा

हा प्रतिसाद वहीत लिहून ठेवण्यासारखा. +१

---

विदा_भगत

मुद्दा बिनतोड आहे, पण पूर्ण पटत नाही. सरासरी हे गणित आहे, कोणीही केलं तरी तेच येतं. विजय कोणाचा हा निवाडा आहे. आणि तो निवाडा ज्याने सामना डोळ्यांनी पाहिला त्याने दिलाय. मिलरच्या माऱ्याला कसं फोडत होते, अदलाबदल का करावी लागली, रॅडबर्न आल्यावर समोरच्यांचा नूर कसा बदलला, हे त्याला दिसलं होतं. धावफलकात ते येत नाही.

आणि एक गंमत सांगतो. रॅडबर्नने सुरू केलेले ७३ सामने त्यानेच संपवले, म्हणजे तिथे वादाला जागाच नाही. तो एकूण उतरला ७५ सामन्यांत. म्हणजे अख्ख्या मोसमात शंका घेण्यासारखे सामने फक्त दोन, जिथे तो मधूनच आला. त्यातला एक हा. आजच्या पिचरांचे विजय या कसोटीला लावले तर अर्धेअधिक वादात सापडतील.

---

नेवार्ककर

मला वाटतं दोघेही फुकट भांडताय. 'विजय' हा आकडाच भंगारात काढायच्या लायकीचा आहे. २०१८ ला न्यूयॉर्क मेट्सचा जेकब डीग्रॉम : सरासरी १.७०, आणि विजय १०, पराभव ९. कारण हा टाकायचा उत्तम आणि संघाला धावा काढता यायच्या नाहीत. तरी साय यंग पुरस्कार (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा) त्यालाच मिळाला. २०१० ला सिअ‍ॅटलचा फेलिक्स हर्नांडेझ, १३-१२, तोही साय यंग. निवडणाऱ्यांनीच विजयाच्या रकान्याकडे बघणं सोडलंय. आता सुरुवात करणारा पाच-सहा इनिंग टाकून आत जातो, पुढे तीन-चार जण येतात, आणि विजय ज्याच्या पानात पडला त्याचा. २०२४ ला तर आजच्या दोन्ही लीगमध्ये मिळून विशीसुद्धा कोणी गाठली नाही.

---

विदा_भगत

आजच्यासाठी सहमत. १८८४ साठी नाही. तिथे ज्याने सुरू केलं त्यानेच संपवलं. विजयाचा आकडा जर कधी पिचरच्या कष्टाशी इमान राखून होता तर तो तेव्हाच. प्रॉव्हिडन्स ८४ जिंकलं, २८ हरलं, बॉस्टनच्या साडेदहा सामने पुढे राहून लीग घेतली. त्या ८४ मधले साठ (बरं, एकोणसाठ) या माणसाने पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत स्वतः टाकून जिंकले.

आणि संपलं नाही. मोसमानंतर नॅशनल लीगचे विजेते विरुद्ध अमेरिकन असोसिएशनचे विजेते, म्हणजे न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्स, अशी तीन सामन्यांची मालिका झाली. २३, २४, २५ ऑक्टोबर, न्यूयॉर्कात. कडाक्याची थंडी, बघायला तुरळक माणसं. पहिले दोन दिवस समोर टिम कीफ, ज्याने त्याच वर्षी ३७ जिंकले होते. आपल्या म्हाताऱ्याने तिन्ही दिवस टाकलं, तिन्ही जिंकलं. पहिला ६-०, दुसरा ३-१, तिसऱ्यात तर धुव्वा.

सांगतात की त्या मोसमात सकाळी त्याला केस विंचरायलासुद्धा हात वर नेता यायचा नाही. मैदानावर आला की आधी चार पावलांवरून हळूहळू चेंडू टाकत सुरुवात करायचा, खांदा मोकळा होईल तसतसा मागे सरकायचा. तासाभराने सामन्याला तयार.

---

कडीपत्ता

केस विंचरायचं वाचून कसंतरीच झालं. माझ्या सासूबाईंचा खांदा धरला होता तेव्हा त्यांना हेच जमत नव्हतं, आणि त्या बेसबॉल टाकत नव्हत्या.

एक विचारायचं होतं. यादी चाळताना टोलिडोच्या टोनी मुलेनचं नाव दिसलं, ३६ विजय. त्याच संघात मोझेस फ्लीटवूड वॉकर नावाचा कृष्णवर्णीय कॅचर होता असंही वाचलं. पण मी तर ऐकून होते की १९४७ ला जॅकी रॉबिन्सन आला तो पहिला?

---

नेवार्ककर

@कडीपत्ता, चांगलं विचारलंत. रॉबिन्सनच्या ६३ वर्षं आधी, हेच १८८४ साल, अमेरिकन असोसिएशनमध्ये टोलिडोकडून वॉकर उघडपणे कृष्णवर्णीय म्हणून खेळला. त्याचा भाऊ वेल्डीही काही सामने खेळला. काही गावांत संघाला धमक्या आल्या. पुढे दारं बंद झाली, लेखी नियम न करता, आपापसातल्या समजुतीने, आणि ती १९४७ पर्यंत उघडली नाहीत.

मुलेनने बऱ्याच वर्षांनी स्वतःच सांगितलं की वॉकर हा मी पाहिलेला सर्वोत्तम कॅचर, पण मला काळी माणसं आवडायची नाहीत, म्हणून मी त्याच्या खुणा बघायचोच नाही, मनाला येईल ते टाकायचो. कल्पना करा. कॅचरला माहीतच नाही काय येणार आहे, वळणारा की सरळ, आणि हातात नावाला मोजा. वॉकर त्याही स्थितीत झेलत राहिला. मुलेनच्या त्या ३६ मध्ये वॉकरच्या बोटांचा वाटा किती, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

---

अर्धा_चहा

हे माहीत नव्हतं. धन्यवाद. मुलेनच्या नावापुढचे ३६ आता गोड लागणार नाहीत.

---

ब्लूमिंग्टनकर

धागा आत्ता दिसला. रॅडबर्न आमच्या गावचा! म्हणजे जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा, पण वाढला इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला, आणि इथल्याच एव्हरग्रीन कब्रस्तानात आहे. इथे इन्शुरन्सच्या नोकऱ्यांमुळे देशी माणसं बख्खळ. गणपतीत आरतीला उभं राहायला जागा नसते. पण ऑफिसातल्या गोऱ्यांनासुद्धा हे नाव विचारलं तर निम्मे जण खांदे उडवतात.

तरुणपणी खाटकाच्या दुकानात उमेदवारी केलेला माणूस. खेळणं थांबल्यावर इथे परत येऊन बिलियर्ड्सची टेबलं असलेला बार चालवायचा. शिकारीचा भारी नाद. एकदा शिकारीतच चुकून गोळी लागली, चेहरा बिघडला, एक डोळा गेला. त्यानंतर लोकांसमोर यायला लाजायचा, बारच्या मागच्या खोलीत बसून असायचा. १८९७ ला गेला, वय ४२.

आणि तो फोटो कोणीच टाकला नाही अजून? १८८६ चा, बॉस्टन आणि न्यूयॉर्क या दोन्ही संघांचा एकत्र. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, आणि मागच्या रांगेत आमचे गाववाले मधलं बोट दाखवतायत. अशा प्रकारचा आजवर सापडलेला पहिला फोटो म्हणे.

---

आडवी_बॅट

पाहिला फोटो! मालकांना दाखवत असणार. कलेजा खूश.

---

सांजवारा

आणि तो स्वीनी? खलनायकाचं काय झालं ते राहिलंच.

---

विदा_भगत

सेंट लुईसकडून त्या मोसमात २४ जिंकला, प्रॉव्हिडन्सचे १७ धरून ४१. पुढे हात गेला, दोन-तीन वर्षांत खेळच संपला. १८९४ ला सॅन फ्रान्सिस्कोत बारमधल्या भांडणात त्याच्या हातून एक माणूस मेला, तुरुंगवास झाला. बाहेर आल्यावर १९०२ ला वारला, चाळिशीसुद्धा गाठली नाही. १९ स्ट्राइकआउटचा विक्रम मात्र त्याच्या नावावर राहिला. अर्धा म्हणा, कारण महिन्याभरातच ह्यू डेली याने युनियन असोसिएशनमध्ये तेवढेच काढले. या डेलीला डावा हात मनगटापासून नव्हता. त्या मोसमात त्याने ४८३ स्ट्राइकआउट घेतले, रॅडबर्नपेक्षाही जास्त. नेवार्ककरांचा चौथा मुद्दा आहेच, पण एका हाताने ४८३ म्हणजे ४८३.

---

खडूस_काका

कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये या रॅडबर्नची पाटी आहे. १९३९ ला घेतलं त्याला. पाटीवर ५९ आहे की ६०? तिथे जे असेल ते अंतिम समजा आणि धागा बंद करा.

---

पंचांचा_निर्णय

काका, पाटीवर दोन्ही नाही. तिथे लिहिलंय की मोसमातले शेवटचे २७ सामने त्याने टाकले आणि २६ जिंकले. तेही सामन्यांच्या नोंदींशी जुळत नाही. आणि नावाच्या शेवटी एक जादा 'ई' घातलाय.

---

खडूस_काका

मग उघडाच राहू दे.

---

नेवार्ककर

५९ असो की ६०, दुसऱ्या नंबरवाल्यावर अन्याय होतोय. हेकर १८८६ ला अमेरिकन असोसिएशनमध्ये बॅटिंगच्या सरासरीत पहिला आला. पिचर असून! त्याच मोसमात एका सामन्यात सात वेळा धाव पूर्ण केली. पिचिंग-बॅटिंग दोन्ही करणाऱ्या आजच्या ओहतानीचं कौतुक करणाऱ्यांनी जरा इकडे बघा. भगत, हेकरवर वेगळा धागा काढा.

---

विदा_भगत

काढतो. पण त्याच्या ५२ मध्ये मधून येऊन मिळवलेला एखादा विजय आहे का ते आधी तपासून घेतो, नाहीतर पंचसाहेब तिथेही हजर.

---

पंचांचा_निर्णय

हजर राहणारच. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.